वऱ्हाडचा कापूस-व्यापार आणि चालू खात्यावरील शेष

एखाद्या देशाने एका वर्षात बाह्य जगाला विकलेल्या वस्तू व सेवा, परदेशांतून मिळविलेले व्याज, नफा व वेतन आणि मोबदल्यावाचून आलेल्या रकमा यांच्या बेरजेतून त्याच प्रकारची देणी वजा केली असता जी रक्कम उरते, तिला चालू खात्यावरील शेष म्हणतात. ही रक्कम धन असल्यास आधिक्य व ऋण असल्यास तूट मानतात. केवळ वस्तूंच्या आयात-निर्यातीतील फरकाला व्यापारशेष अशी संज्ञा असून तो चालू खात्याचा एक भाग होय. शेषाचा आकडा रुपयांत वा डॉलरमध्ये दिल्याने त्याचा भार ध्यानात येत नाही. म्हणून तो देशाच्या एकूण वार्षिक उत्पादनाच्या टक्केवारीत मांडण्याचा प्रघात आहे. शंभर रुपयांच्या उत्पन्नातून तीन रुपये बाहेर जाणे आणि हजार रुपयांतून तीन रुपये बाहेर जाणे यांत जो फरक, तोच या टक्केवारीने व्यक्त होतो. मात्र ही टक्केवारीही पुरेशी नसते. शेष कोणकोणत्या बाबींचा मिळून झाला आहे आणि बाहेर गेलेल्या मालाच्या बदल्यात देशाच्या पदरी काय पडले, हे पाहिल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. १८५३ ते १९४७ या काळातील वऱ्हाडचा कापूस-व्यापार हे याचे एक ठळक उदाहरण आहे.

वऱ्हाड हा काही स्वतंत्र देश नव्हता. त्याचे स्वतःचे चलन नव्हते, जकातीची सरहद्द नव्हती. तथापि त्याच्या सीमा तहांनी निश्चित झालेल्या होत्या, त्याच्या महसुलातील शिलकेवर दुसऱ्या एका सत्तेचा हक्क होता आणि त्याच्या व्यापाराची दिशा जवळजवळ एकमार्गी होती. त्यामुळे त्याच्या बाह्य देवघेवीचा विचार एखाद्या देशाप्रमाणे करता येतो. आजचे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे जिल्हे मिळून हा प्रदेश होतो. त्याचे क्षेत्रफळ १७,७१० चौ. मैल (सु. ४५,८७० चौ. किमी.) होते आणि १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,५४,०१६ होती. पूर्णा नदीचे खोरे आणि दक्षिणेकडील बालाघाट यांतील काळी जमीन कापसाला विशेष मानवते. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण याच जमिनीवरून रूढ झाली.

अमरावती–यवतमाळ मार्गावरील नांदगाव खंडेश्वर हे या प्रदेशातील एक नमुनेदार गाव म्हणता येईल. टेकडीवरील खंडेश्वराचे हेमाडपंती मंदिर व तेथील यादवकालीन कोरीव लेख यांमुळे ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. ब्रिटिश अमदानीत ते चांदूर तालुक्यात मोडत असे. मुंबई–नागपूर लोहमार्ग त्याच्या उत्तरेकडून बडनेरा, चांदूर व धामणगाव या स्थानकांवरून गेला; गाव मात्र मार्गापासून दूर राहिले. अशा गावांतील कापूस बंडीत भरून रेल्वेलगतच्या पेठेत जाई. तेथे सरकी काढून रुईच्या गाठी बांधल्या जात आणि त्या मुंबईमार्गे लिव्हरपूल, यूरोपीय बंदरे व पुढे जपानकडे रवाना होत. अमरावतीचे जुने नाव उमरावती. त्यावरूनच ‘ऊमरा’ हे या कापसाचे व्यापारी नाव लिव्हरपूलच्या बाजारात प्रचलित झाले. तेथील दलालाला नांदगावचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु नांदगावच्या कुणब्याच्या हाती दिवाळीनंतर किती रुपये पडणार, हे लिव्हरपूलच्या भावावरून ठरू लागले.

लोहमार्गापूर्वीही वऱ्हाडचा कापूस बाहेर जात असे. बैलांच्या तांड्यांवरून तो गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. पेस्तनजी विकाजी ही पारशी पेढी तो थेट मुंबईस पाठविण्यात अग्रेसर होती. हीच पेढी निजामाला कर्जे देई आणि त्यांच्या फेडीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत वऱ्हाडचा महसूल तिच्याकडे लावून दिलेला होता. म्हणजे ब्रिटिश येण्यापूर्वीच या प्रदेशातून माल आणि महसूल या दोन्ही वाटांनी संपत्ती बाहेर जात होती व दोन्हींवर एकाच पेढीचा हात होता. ब्रिटिशांनी ही वहिवाट सुरू केली असे म्हणणे बरोबर नाही. त्यांनी ती नियमबद्ध केली आणि तिचे आकारमान वाढविले.

हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे साचलेल्या थकबाकीवरून लॉर्ड डलहौसीने २१ मे १८५३ चा तह घडवून आणला. त्यान्वये वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात देण्यात आले. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमेरिकेबाहेरचा कापूस हवा होता, ही गोष्ट या व्यवहाराच्या मुळाशी असल्याचे अनेक इतिहासकार मानतात आणि ते योग्यही दिसते. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिल्यामुळे १८६० मध्ये नवा तह झाला. धाराशिव व रायचूर परत करण्यात आले आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र कंपनीची वारस असलेल्या सरकारकडे विश्वस्त या नात्याने राहिले. फौजेचा व राज्यकारभाराचा खर्च भागवून जी शिल्लक राहील ती निजामास द्यावी, असे या तहात ठरले. परंतु खर्च किती करावा हे सर्वस्वी ब्रिटिश सरकारच्या मर्जीवर सोडले होते आणि जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला होता. ज्या प्रदेशाच्या हिशेबाची मागणीच तहाने बंद केली, त्याच्या चालू खात्याचा इतिहास लिहावयाचा, हे या विषयातील एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. फौजेच्या छावण्या एलिचपूरप्रमाणे हिंगोली, औरंगाबाद, बोलारम अशा वऱ्हाडाबाहेरील ठिकाणीही होत्या. तेव्हा शिल्लक निजामाला गेली तरी, आणि फौजेवर खर्च झाली तरी, तिचा बराच भाग वऱ्हाडाबाहेरच खर्च होई.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरला होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि भारतीय कापसाचे भाव कडाडले. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत होता. १८६७ मध्ये तो नागपूरला पोहोचला. अमरावतीसाठी बडनेऱ्याहून व खामगावसाठी जलंबहून फाटे काढण्यात आले. खामगावच्या फाट्याचे उद्‌घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने केले, यावरून कापसाच्या या पेठेला किती महत्त्व दिले जात होते ते दिसते. मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्ताचे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले होते आणि हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने त्या पदावरून कापसाची प्रत, भेसळ, गाठींची बांधणी, वाहतूक यांवर तपशीलवार अहवाल लिहिले. राली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या यूरोपीय पेढ्यांनी वऱ्हाडात खरेदीची केंद्रे उघडली. चरकीवर सरकी काढण्याचे काम हळूहळू वाफेच्या यंत्रांकडे गेले आणि त्याबरोबर ते घराघरांतील बायांच्या हातूनही गेले.

या व्यापाराचा वस्तूंपुरता हिशेब मांडला, तर वऱ्हाडचे खाते सतत आधिक्याचे दिसते. कापूस बाहेर जाई. आत येई ते कापड, मीठ, धातू, साखर, थोडे धान्य. बाहेर जाणाऱ्या मालाची किंमत आत येणाऱ्या मालापेक्षा अधिक असे. समकालीन अधिकाऱ्यांना यात प्रदेशाच्या भरभराटीचे प्रमाण दिसले. ते अगदीच खोटे नव्हते. युद्धकाळातील तेजीत शेतकऱ्यांच्या घरी चांदी आली, विहिरी खोदल्या गेल्या, बैलजोड्या वाढल्या, लग्ने थाटात झाली. आधिक्याचा एक भाग सोन्याचांदीच्या रूपाने परत आला, ही गोष्ट वऱ्हाडी स्त्रियांच्या अंगावरील दागिन्यांत दिसत असे. अडचणीच्या वर्षी हेच दागिने सावकाराकडे जात.

परंतु उरलेल्या आधिक्याचे काय झाले? याचे उत्तर चालू खात्याच्या इतर बाबींत आहे. पहिली बाब म्हणजे व्याज व नफा. पेरणीपूर्वी सावकाराने दिलेले कर्ज, अडत्याची आगाऊ उचल, मुंबईच्या पेढीचे भांडवल आणि यूरोपीय खरेदीदाराची कमाई या साखळीत कापसाच्या किंमतीचा एक हिस्सा प्रत्येक टप्प्यावर गळत जाई. रेल्वेचे भांडवल इंग्लंडमधून आले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला १८४९ च्या करारान्वये पाच टक्के व्याजाची हमी मिळालेली होती. उत्पन्न कमी पडल्यास ती तूट भारतीय महसुलातून भरून दिली जाई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर–अचलपूर व मूर्तिजापूर–यवतमाळ हे अरुंदमापी मार्ग खाजगी कंपनीने बांधले. लोकांत ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ कंपनीच्याच मालकीचा राहिला व भारतीय रेल्वे तो करारान्वये चालवीत असे.

दुसरी बाब महसुलाची. १८६० च्या तहातील अनिश्चित शिलकेच्या जागी ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये ठराविक रक्कम आली. लॉर्ड कर्झन व निजाम मीर महबूब अलीखान यांच्या वाटाघाटींतून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिश सरकारकडे आले आणि त्याबद्दल निजामास दरसाल २५ लाख रुपये देण्याचे ठरले. निजामाला दिलेल्या कर्जांची वसुली काही काळ याच रकमेतून कापून घेतली जात होती. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आला. २५ लाख ही रक्कम नागपूरच्या वा कलकत्त्याच्या दप्तरात फार मोठी नव्हती. तिचा खरा भार प्रदेशाच्या उत्पन्नाशी तुलना केल्यावरच कळतो. वऱ्हाडच्या तत्कालीन लोकसंख्येत ती वाटली, तर दरडोई सु. साडेचौदा आणे पडतात. दादाभाई नवरोजी यांनी १८६७-६८ या वर्षासाठी ब्रिटिश भारताचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले होते; कर्झनने १९०१ मध्ये ते ३० रुपये असल्याचा दावा केला. कर्झनचा आकडा मान्य केला तरी हा खंड दरडोई उत्पन्नाच्या सु. तीन टक्के होतो. दादाभाईंच्या आकड्याने तो साडेचार टक्क्यांवर जातो. वऱ्हाड हा सरासरीपेक्षा सधन प्रदेश असल्याने प्रत्यक्ष प्रमाण यापेक्षा काहीसे कमी धरणे इष्ट. तरीही उत्पन्नाचा दोन-तीन टक्के भाग कोणत्याही मोबदल्यावाचून, पीक बुडो वा येवो, दरवर्षी बाहेर जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे. हा खंड वेगळा कर म्हणून वसूल होत नसे. तो सारा, अबकारी आदी नेहमीच्या उत्पन्नातून दिला जाई. त्यामुळे सारा भरणाऱ्याच्या नजरेस तो कधी आला नाही.

तिसरी बाब अधिक गुंतागुंतीची, पण सर्वांत बोलकी आहे. भारत सरकारला इंग्लंडमध्ये जो खर्च करावा लागे (निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, रेल्वेची हमी, सैन्याचा खर्च, सामानाची खरेदी) त्यास ‘होम चार्जेस’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी तो वर्षाला सु. १.७ कोटी पौंड होता. हा पैसा पाठविण्याची रीत अशी : भारतमंत्री लंडनमध्ये भारतातील सरकारी खजिन्यांवरील हुंड्या दर आठवड्यास विक्रीस काढी. भारतीय माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बँका पौंड भरून त्या विकत घेत. पौंड भारतमंत्र्याकडे राहत आणि हुंडी मुंबईच्या खजिन्यात वटवून रुपये उचलले जात. त्या रुपयांतून कापसाची किंमत चुकती होई. खजिन्यातील ते रुपये कोठून आले होते? ते शेतकऱ्यांकडून साऱ्याच्या रूपाने गोळा केलेले होते. कापूस देऊन शेतकऱ्याने जे रुपये घेतले, त्यांतील काही त्याने व त्याच्यासारख्यांनीच आधी सरकारात भरलेले असत. कापूस इंग्लंडला पोहोचला, किंमत इंग्लंडमध्येच राहिली आणि भारतात केवळ रुपये एका हातातून दुसऱ्या हातात गेले. वस्तूंच्या खात्यावरील आधिक्य हे अशा वेळी समृद्धीचे चिन्ह नसून देणे फेडण्याचे साधन ठरते. ज्या देशाला एकतर्फी देणी द्यावयाची असतात, त्याला निर्यात-आधिक्य दाखविल्यावाचून गत्यंतरच नसते. व्यापारशेष मोठा आणि चालू खात्यावरील शेष जेमतेम शून्याच्या आसपास, असे हे चित्र होते.

वरील रीतीने हिशेब केल्यास होम चार्जेसचा भार, एका पौंडास पंधरा रुपये हा तेव्हाचा दर व ब्रिटिश भारताची सु. २३ कोटी लोकसंख्या धरता, दरडोई एक रुपयापेक्षा थोडा अधिक येतो. म्हणजे कर्झनच्या आकड्याशी तुलना करता साडेतीन टक्क्यांहून काहीसा जास्त. यांतील रेल्वेवरील व्याज हे उपयुक्त भांडवलाचा मोबदला होय, त्यास ‘निःसारण’ म्हणता येणार नाही, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. रेल्वे नसती तर वऱ्हाडचा कापूस तांड्यांच्या वेगानेच गेला असता. परंतु निवृत्तिवेतने व सैन्य यांना तो युक्तिवाद लागू पडत नाही आणि हे भांडवल कोठे व कोणासाठी गुंतवावे याचा निर्णय ज्यांनी व्याज भरले त्यांच्याकडे कधीच नव्हता. दादाभाईंनी हा प्रश्न १८६७ पासून सातत्याने मांडला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या देवघेवीची कसोटी दुष्काळांत लागली. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी वऱ्हाडला ग्रासले. कापसाखालील क्षेत्र वाढत गेल्याने ज्वारीचा साठा आटला होता; पेवे पूर्वीसारखी भरलेली नव्हती. कापूस विकून धान्य आणता येईल, हा विश्वास चांगल्या वर्षी खरा ठरे. परंतु दोन्ही पिके एकाच पावसावर अवलंबून होती. पाऊस चुकला की ज्वारीबरोबर कापूसही जाई, म्हणजे धान्याची गरज वाढे त्याच वर्षी ते विकत घेण्याची ऐपत संपे. रेल्वेने धान्य आणले, पण ते ज्याच्याकडे पैसे होते त्याच्यासाठी. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये २८,९७,४९१ होती. दहा वर्षांनी ती जवळजवळ पाच टक्क्यांनी घटलेली आढळली. जो प्रदेश दशकानुदशके आधिक्याचा व्यापार करीत होता, त्याच्याकडे दोन वाईट वर्षे निभावण्याइतकीही बाह्य संपत्ती साचलेली नव्हती. आधिक्याच्या बदल्यात परदेशावर हक्क निर्माण झाला असता, तर तो अशा वेळी वापरता आला असता. तसा हक्क निर्माणच झाला नव्हता.

या दोन दुष्काळांच्या मध्ये, डिसेंबर १८९७ मध्ये, राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावती येथे सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे हे स्वागताध्यक्ष होते. अमरावतीचेच रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांनी पुढे औद्योगिक परिषदेच्या कामात पुढाकार घेतला. १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. कच्चा कापूस बाहेर पाठवून कापड विकत आणण्याऐवजी कापड येथेच विणावे, हा त्यांच्या पिढीचा आग्रह होता. बडनेरा, अकोला, अचलपूर येथे गिरण्या निघाल्याही. तथापि वऱ्हाडच्या एकूण कापसापैकी फार थोडा त्यांत खपे. सरकारनेही बाजारातील गैरव्यवहारांना आळा घालण्याचा प्रयत्न केला. कारंजा येथील बाजार १८८६ मध्ये नियंत्रणाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा झाला. नियंत्रित बाजारपेठांविषयीचा भारतातील हा पहिला कायदा समजला जातो. त्याने मापातील लबाडी व अडतीतील लूट कमी झाली. पण मुंबईपलीकडे काय घडते यावर त्याचा इलाज नव्हता.

निजामाचा खंड १९३६ च्या करारानेही चालूच राहिला. त्या कराराने वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते मान्य करून त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देण्यात आली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर हा सारा विषय इतिहासजमा झाला.

दुसऱ्या महायुद्धाने हिशेबाला वेगळे वळण दिले. ब्रिटनने भारतातून घेतलेल्या युद्धसामग्रीची किंमत रोख न देता लंडनमध्ये भारताच्या नावे पौंडांत जमा केली. १९४६ पर्यंत ही स्टर्लिंग शिल्लक सु. १,७०० कोटी रुपयांवर गेली आणि ऋणको भारत धनको झाला. या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे सनदी सेवेत मध्यप्रांत व वऱ्हाडातच वाढलेले अधिकारी होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्‌स परिषदेतील भारतीय प्रतिनिधींत त्यांचा समावेश होता. या शिलकेचा प्रश्न त्या परिषदेत उपस्थित करण्यात आला. येथे निदान परदेशावरील हक्क तरी निर्माण झाला होता. मात्र तोही स्वेच्छेने केलेल्या बचतीतून आलेला नव्हता. माल बाहेर गेला, देशात नोटा वाढल्या, महागाई भडकली आणि बंगालमध्ये १९४३ चा भीषण दुष्काळ पडला.

स्वतंत्र भारताचे चालू खाते बहुतेक वर्षे तुटीचे राहिले आहे. १९५७ मध्ये परकीय चलनाची टंचाई जाणवली. १९६६ व १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. १९९०-९१ मधील तूट देशांतर्गत उत्पादनाच्या सु. तीन टक्के होती. तेवढ्यावरून सु. ४७ टन सोने परदेशात तारण ठेवण्याची वेळ आली, हे ध्यानात घेतले म्हणजे वऱ्हाडच्या खंडाविषयी वर काढलेल्या टक्केवारीचे वजन कळून येते. दोन्हींत भेद एवढाच की, १९९१ ची तूट हे देशाने अधिक माल वापरून केलेले कर्ज होते, तर वऱ्हाडची रक्कम माल देऊन वर भरलेली होती. २०१२-१३ मध्ये तूट ४.८ टक्क्यांपर्यंत वाढली. तीत सोन्याच्या आयातीचा वाटा मोठा होता. याउलट २०२०-२१ मध्ये ०.९ टक्के आधिक्य दिसले, पण ते महासाथीत कारखाने व बाजार थंडावल्याने आयात घटली म्हणून. त्यास सुस्थितीचे लक्षण कोणी मानले नाही. आजच्या खात्यातील एकतर्फी रकमांचा ओघही उलटा आहे. परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठविलेला पैसा २०२२-२३ मध्ये ११० अब्ज डॉलरहून अधिक होता व वस्तूंच्या खात्यावरील तुटीचा मोठा भाग त्यानेच भरून निघाला.

वऱ्हाडात हिशेबाचा वाद स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही, त्याचे क्षेत्र बदलले. फाजलअली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस करताना या भागाच्या महसुली शिलकेची दखल घेतली होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्यातील विकासाचा अनुशेष सु. ३,१८७ कोटी रुपये ठरविला; त्यात विदर्भाचा वाटा सु. १,२४७ कोटी होता. अर्थशास्त्रातील ‘शेष’ सामान्य वाचकाला दुर्बोध वाटत असला, तरी ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून वऱ्हाडच्या चावडीवर रुळला. या दोन्ही संकल्पना मात्र भिन्न आहेत. अनुशेष हा रस्ते, सिंचन, शाळा यांतील साचलेली उणीव दाखवितो. प्रदेशातून दरवर्षी किती मूल्य बाहेर गेले व किती आत आले, हे त्यावरून कळत नाही.

नांदगाव खंडेश्वर हे आता तालुक्याचे ठिकाण आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग त्याच्या तालुक्यातून गेला आहे. कापसाच्या जोडीला सोयाबीन व तूर ही तेथील प्रमुख पिके झाली असून या तिन्हींचे भाव देशाच्या बाह्य देवघेवीशी निगडित आहेत. २०२२-२३ च्या तेल-वर्षात देशाने १६० लाख टनांहून अधिक खाद्यतेल आयात केले. तेलावरील आयात शुल्क घटविले की शहरातील ग्राहकाला दिलासा मिळतो, चालू खात्यावरील भार वाढतो आणि सोयाबीनचा भाव उतरतो. कापसाच्या बाबतीत तर चक्र पुरते फिरले आहे. ज्या प्रदेशाने लँकाशरला रुई पुरविली, त्या प्रदेशाच्या देशात रुई आयात होऊ लागली. २०२१ मध्ये कापसावर ११ टक्के आयात शुल्क बसविण्यात आले. सूतगिरण्यांच्या मागणीवरून ते २०२२ मध्ये काही महिने उठविण्यात आले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते पुन्हा स्थगित झाले आणि ३० सप्टेंबरपर्यंतची ही सवलत नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. दसऱ्यापासून वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू होते व नवा माल बाजारात येतो, तो नेमका हाच काळ होय.